साडेचार मिलिमीटर

आयर्लंडमध्ये रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर पाच फूट तीन इंच आहे. म्हणजे १६०० मिलिमीटर. भारतातल्या ब्रॉडगेजपेक्षा तीन इंच कमी आणि शेजारच्या इंग्लंडपेक्षा साडेसहा इंच जास्त. हे माप आयर्लंडखेरीज ऑस्ट्रेलियाच्या दोन राज्यांत आणि ब्राझीलमध्ये सापडतं. आज युरोपात दुसरीकडे कुठेच नाही.

हे असं विचित्र माप आलं कुठून, तर भांडणातून. डब्लिनहून आताच्या डन लिअरीला जाणारी देशातली पहिली रेल्वे १८३४ साली सुरू झाली, ती इंग्लंडच्या मापाने, चार फूट साडेआठ इंचांची. उत्तरेत बेलफास्टहून निघालेल्या अल्स्टर रेल्वेने सहा फूट दोन इंच पसंत केले. डब्लिनहून ड्रॉहेडाला जाणाऱ्या कंपनीच्या मनात पाच फूट दोन इंच होते. या गाड्या पुढेमागे एकमेकींना भेटणार, हे कुणाच्याच फारसं डोक्यात नव्हतं. शेवटी लंडनच्या बोर्ड ऑफ ट्रेडकडे गाऱ्हाणं गेलं आणि तिथल्या मेजर जनरल पॅस्लींनी पाच फूट तीन इंच असा निवाडा दिला. त्यांनी सगळ्यांच्या मागण्यांची सरळ सरासरी काढली असं इथे गमतीने सांगतात. १८४६ साली त्याचा कायदा झाला. अल्स्टरवाल्यांना आपले रूळ जवळ आणावे लागले, डन लिअरीवाल्यांना लांब सरकवावे लागले. सरासरीचा फायदा असा, की कुणीच खूश होत नाही आणि म्हणून कुणीच तक्रार करू शकत नाही.

हे सगळं सांगायचं कारण, मी मॉडेल रेल्वेच्या नादाला लागलोय. नोकरीसाठी डब्लिनला आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. इथल्या पावसात माणसाला घरात बसून करायचं काहीतरी लागतंच. कुणी दारू पितात, कुणी भाकरीसारखी दिसणारी सोडा ब्रेड भाजतात. मी चिमट्याने रूळ जोडतो.

या छंदात सगळ्यांत लोकप्रिय माप 'डबल ओ' नावाचं. खऱ्या जगातला एक फूट म्हणजे मॉडेलवर चार मिलिमीटर. डबे, इंजिनं, प्लॅटफॉर्म, पोर्टर, पोर्टरचं कुत्रं, सगळं या हिशेबात. फक्त रूळ नाहीत. बाजारात मिळणाऱ्या डबल ओ रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर असतं. चार मिलिमीटरला एक फूट धरला तर ते होतं चार फूट दीड इंच. इंग्लंडच्या रेल्वेसाठीसुद्धा हे कमीच, पण तिथे ते डोळ्यांवर येत नाही. आयर्लंडचे पाच फूट तीन इंच मात्र मॉडेलवर एकवीस मिलिमीटर व्हायला हवेत. साडेचार मिलिमीटरचा फरक. खऱ्या मापात सव्वा फुटाच्या जवळपास. बाजूने बघताना काही कळत नाही, पण गाडी समोरून येताना बघा. वर भारदस्त देह आणि खाली काडीसारखे पाय, एखाद्या लग्नातल्या पोट सुटलेल्या मामांसारखं दिसतं.

काही कडवे लोक आहेत, जे एकवीसच्या खाली बोलत नाहीत. ते स्लीपर स्वतः कापतात, रूळ एकेक करून डाग देऊन बसवतात, सांधे हाताने घडवतात, इंजिनाची चाकं काढून नवीन आस घालतात. वर्षाला दोन मीटर काम झालं तरी चांगलं. बाकीचे आपले तयार रूळ अंथरतात आणि बाजूने बघतात. मी बाजूने बघणाऱ्यांतला.

एक मात्र मान्य करायला हवं, की आताच्या पिढीची चैन आहे. पूर्वी आयरिश गाडीचं तयार मॉडेल मिळणं दुरापास्त होतं. लोक इंग्लिश इंजिन आणून त्याला सीआयईचा, म्हणजे इथल्या सरकारी वाहतूक कंपनीचा, नारिंगी-काळा रंग फासायचे आणि डोळे किलकिले करून बघायचे. आता मर्फी मॉडेल्स आणि आयरिश रेल्वे मॉडेल्स अशा कंपन्या खास इथली इंजिनं बनवतात, आणि ती इतकी सुबक असतात की दरवाजाची मूठसुद्धा वेगळी बसवलेली असते.

माझं पहिलं इंजिन १२१ क्लासचं. १९६१ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडून अशी पंधरा इंजिनं आली. केबिन एकाच टोकाला, अमेरिकन पद्धतीची, त्यामुळे परतीच्या प्रवासासाठी इंजिन फिरवायला टर्नटेबल हवं. वाफेची इंजिनं काढून टाकायची म्हणून तर ही डिझेल आणली, आणि वाफेच्या इंजिनांची टर्नटेबलं याच्यासाठी ठेवायची! पुढच्याच वर्षी आलेल्या १४१ क्लासला दोन्हीकडे केबिन होत्या. १९९४ साली २०१ क्लास आला, आणि त्यातलं पहिलं इंजिन कॅनडाहून अँटोनोव्ह विमानात घालून चक्क उडवत आणलं. डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवर ही २०१ सुटायच्या आधी घुमायला लागली, की माझे कान टवकारतात. तिच्या पोटात आहे तेच ७१० मालिकेचं जनरल मोटर्सचं इंजिन आपल्याकडच्या डब्ल्यूडीपी-४ मध्ये आहे, फक्त बारा सिलिंडरऐवजी सोळा. परक्या देशात ओळखीचा आवाज कुठून येईल ते सांगता येत नाही.

मास्तर भेटले ते एका मॉडेल प्रदर्शनात. निवृत्त शाळामास्तर. खेड्यातल्या शिक्षकाला इथेही नाव न घेता 'मास्तर'च म्हणतात, त्यामुळे मीही तेच म्हणायला लागलो. मूळचे डोनेगॉलचे. आयर्लंडच्या नकाशात अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात डोनेगॉल आहे, आणि आज त्या संपूर्ण काउंटीत रेल्वेचं एकही स्टेशन नाही. शंभर वर्षांपूर्वी आयर्लंडभर साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास रेल्वे होती. आज त्याच्या निम्मीही उरलेली नाही. उरली ती डब्लिनकडून हाताच्या बोटांसारखी पसरलेली. उत्तर-पश्चिमेकडची बोटं छाटलेली.

त्यांनी मला विचारलं, कुठला? मी सांगितलं, कुर्डुवाडी. हे नाव डब्लिनमध्ये सांगून काही उपयोग नसतो, म्हणून पुढे जोडलं, की वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मास्तरांनी चष्मा वर केला. "नॅरो म्हणजे किती?"

"अडीच फूट."

"आमची तीन फूट," ते म्हणाले. मग जरा थांबून, "म्हणजे तुम्ही आमच्याहून सहा इंचांनी गरीब होता."

आमची बार्शी लाइट. आषाढीला तिच्या टपावर वारकरी असत आणि आत शिरायला खिडकी. त्यांची काउंटी डोनेगॉल रेल्वे, दोनशे किलोमीटरची, तीन फुटी. हेन्री फोर्ब्स नावाचा तिचा व्यवस्थापक होता. पैसा नव्हता आणि समोरून मोटारबस येत होत्या, म्हणून याने बसलाच रुळांवर आणायचं ठरवलं. १९३१ साली त्याने डिझेल रेलकार सुरू केली. त्या अख्ख्या द्वीपसमूहात नियमित प्रवासी वाहतुकीत डिझेल रेलकार आणणारी पहिली रेल्वे ही, लंडनची कुठली श्रीमंत कंपनी नव्हे. रेलकार म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि इंजिनाचा तुकडा, मागे त्याला जोडलेला प्रवाशांचा डबा. तोंड एकच. शेवटच्या स्टेशनला ती टर्नटेबलवर घेऊन फिरवायची. स्टेशनाची वाट बघायचीही गरज नाही. फाटकापाशी बाई हात करून उभी दिसली तर थांबायची. मास्तरांची आई अशीच फाटकापाशी उभी राहायची. स्ट्रनॉर्लरहून पुढे स्ट्रबेनला जायचं तर मध्ये सरहद्द. १९२२ नंतर स्ट्रबेन झालं उत्तर आयर्लंडचं, म्हणजे ब्रिटनचं, आणि लोणी-साखरेच्या पिशव्यांची झडती सुरू झाली. मास्तरांच्या आईने कोटाच्या अस्तरात काय काय आणलं, याची एक मोठी यादी त्यांना पाठ होती.

३१ डिसेंबर १९५९ला ही रेल्वे बंद झाली. मास्तर तेव्हा अकरा वर्षांचे. सगळं गाव शेवटची गाडी बघायला गेलं आणि यांना ताप होता म्हणून आईने घरात ठेवलं. त्यांनी फक्त हॉर्न ऐकला. शेवटच्या दोन रेलकार, १९ आणि २० नंबरच्या, पुढे आइल ऑफ मॅन बेटाने विकत घेतल्या, कारण तिथलीही रेल्वे तीन फुटी.

मास्तरांनी घराच्या मागच्या खोलीत स्ट्रनॉर्लर स्टेशन आणि त्यापुढची बार्न्समोरची खिंड उभारली होती. दोन उघड्या डोंगरांमधून जाणारी एक ओळ. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काहीतरी वेगळं वाटलं, पण काय ते लक्षात येईना. मग वाकून समोरून बघितलं. रेलकार नीट उभी होती. मामांचे पाय मामांनाच शोभत होते.

हिशेब अगदी साधा आहे. तीन फूट गुणिले चार मिलिमीटर, बारा मिलिमीटर. आणि बारा मिलिमीटर हे 'टीटी' नावाच्या दुसऱ्या एका मॉडेल मापाचं अंतर असल्यामुळे त्या अंतराची चाकं आणि सामान बाजारात मिळतं. म्हणजे आज जी रेल्वे धडधाकट धावते आहे, तिचं मॉडेल चुकीच्या रुळांवर उभं, आणि जिचा एक खिळाही जागेवर राहिलेला नाही, तिचं बरोबर.

मी म्हटलं, नशीब तुमचं. मास्तरांना ते आवडलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की उरलेल्या रेल्वेचं मॉडेल चुकलं तर चुकू दे, कुणालाही ह्यूस्टनला जाऊन खरं काय ते बघता येतं. इथे पडताळायला काहीच नाही. माझी नात हेच बघून ठरवणार, की डोनेगॉलची गाडी अशी होती. मग त्यांनी मला फाटकाच्या खांबाची उंची एका जुन्या फोटोतल्या बाईच्या उंचीवरून कशी काढली ते दाखवलं. बाई त्यांची आई होती, त्यामुळे उंची माहीत होती.

गेल्या हिवाळ्यात मास्तर गेले. घर विकायचं ठरलं. त्यांच्या मुलीने मला फोन केला, कारण रुळांमधलं तिला कळत नव्हतं आणि वडिलांच्या वहीत माझा नंबर होता. जुन्या मॉडेलांचा एक व्यापारी येऊन गेला. त्याने कपाटातली खोकी उघडली. मास्तरांकडे कधी भेट म्हणून आलेली दोन-तीन तयार इंजिनं होती, ज्यांना त्यांनी हातही लावला नव्हता, साडेसोळा मिलिमीटरची. त्यांची त्याने लगेच रोख किंमत सांगितली. लेआउटकडे बघून म्हणाला, लाकूड चांगलं आहे.

तो वाईट माणूस नव्हता. हाताने केलेल्या मॉडेलला गिऱ्हाईक नाही, हे खरंच आहे. सिरिल फ्राय नावाचा इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यातला ड्राफ्ट्समन होता, त्याने आयुष्यभर घरी आयरिश गाड्या बनवल्या. तो १९७२ साली गेला, आणि त्याचा संग्रह आज मॅलहाइडला एका गवती छपराच्या देखण्या बंगल्यात काचेआड आहे. मी दोनदा जाऊन आलो. पण दर मास्तरामागे एक बंगला कुठून आणणार? डोनेगॉल गावात जुन्या स्टेशनातच त्या रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, पण साडेचार मीटरचं लेआउट ठेवायचं तर भिंतही साडेचार मीटरची हवी.

फळ्या चार होत्या. आमच्या फ्लॅटमधल्या लहान खोलीत एकच मावत होती, तीही इस्त्रीचं टेबल बाहेर गेलं तर. बायकोने टेबल बाहेर काढलं आणि म्हणाली, कोणती आणायची ते मात्र तुम्ही ठरवा. खिंडीची फळी सगळ्यांत सुंदर. तिच्यावरचं गवत लावायला मास्तरांचे दोन हिवाळे गेले होते. पण खिंडीत टर्नटेबल नाही. एका तोंडाची रेलकार तिथून गेली की गेली. टर्नटेबल होतं स्ट्रनॉर्लरच्या यार्डात, कोळशाच्या ढिगाऱ्याशेजारी, काळ्या-करड्या, दिसायला अगदीच सामान्य फळीवर.

मी यार्डाची फळी आणली. फाटकाची फळी मुलीने ठेवून घेतली, तिच्या नव्या घरात ती जिन्याखाली आहे. खिंड आणि चौथी फळी तिने एका शाळेला दिली.

फळी गाडीत बसेना म्हणून मागची सीट पाडली आणि नातीला पुढे बसवून टर्नटेबलवर हात ठेवायला सांगितला. घरी आल्यावर वायरी जोडल्या. वीस नंबरची रेलकार, वीतभरही नाही, मीटरभर जाते. या टोकाला टर्नटेबलवर चढते, घरघरत फिरते आणि पुन्हा निघते. दुसऱ्या टोकाला टर्नटेबल नाही. तिथे तिला उचलून हाताने फिरवावं लागतं.