साइड मार्जिन कुणाच्या मालकीचं?

‘लोकेशन एकदम सुपर्ब! खाली सगळं मिळतं.’ भाड्याचा फ्लॅट दाखवताना एजंट हे वाक्य टाकतोच. आमच्याकडे खाली खरंच सगळं मिळतं. इस्त्रीवाला, मेडिकल, मोमोज आणि टाइल्स. म्हणजे टाइल्स-सॅनिटरीचं भलंमोठं दुकान. प्रॉब्लेम एवढाच, की ते त्याच्या गाळ्यात मावत नाही. टाइल्सचे खोके, पीव्हीसी पाइप, पाण्याच्या टाक्या, थर्माकोल आणि वर निळी ताडपत्री, असा सगळा संसार बिल्डिंगच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात थाटलेला.

यावरून सोसायटी आणि शेठ यांच्यात चांगलीच जुंपली. सेक्रेटरी काकांचं म्हणणं, ‘हे गोदाम आहे, तेही रेसिडेन्शियल झोनमध्ये!’ शेठचं उत्तर तयार, ‘माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे.’ मी पडले भाडेकरू, मीटिंगमध्ये मला मत नाही. पण ‘तू पेपरात लिहितेस ना गं? मग बघ जरा,’ म्हणून फाइल माझ्या गळ्यात पडली.

बघितलं, तर पहिली गंमत हीच, की शॉप अ‍ॅक्टचा या भांडणाशी संबंधच नाही. तो कायदा कामगारांच्या नोकरीच्या अटींचा. २०१७ च्या नव्या कायद्यात तर थोडेच कामगार असतील, तर नुसती सूचना दिली की झालं. ठरावीक प्रकारचा माल साठवायचा असेल, तर महापालिकेचा परवाना वेगळा लागतो. मुंबईत १८८८ च्या कायद्याचं कलम ३९४, बाकी महापालिकांत १९४९ च्या कायद्याचं कलम ३७६. आणि रहिवासी झोनमध्ये दुकान चालतं, म्हणून त्याचं उघड्यावरचं गोदामही चालतं, असं नाही. १९६६ च्या एमआरटीपी कायद्यात ‘विकास’ म्हणजे फक्त बांधकाम नव्हे, जमिनीच्या वापरात केलेला मोठा बदलही त्यात येतो. म्हणजे एक वीटही न रचता नियम मोडता येतो!

मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. मंजूर नकाशाची कॉपी हातात आली. आमच्या अकरा मजली बिल्डिंगच्या त्या बाजूला सहा मीटर मोकळी जागा दाखवलेली. टेप लावली, तर माल सोडून उरले अडीच मीटर. हे सहा मीटर कुणा बाबूची लहर नाही. फायर ब्रिगेडची गाडी आत यावी, वळावी, म्हणून ते सोडायचे असतात. २०१३ साली सुप्रीम कोर्टानंही मुंबईतल्या एका उंच इमारतीच्या प्रकरणात हेच बजावलं होतं. मी राहते नवव्या मजल्यावर. त्या रात्री खालच्या थर्माकोलकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं.

काका जाम खूश. ‘आता नोटीसच काढायला लावू!’ पण नकाशाला दोन बाजू असतात. दुसऱ्या बाजूच्या मार्जिनमध्ये अकरा कार्स उभ्या होत्या. सगळ्या आमच्याच मेंबरांच्या.

आणि तिसरीही एक बाजू होती, जी नकाशात नव्हती. शेठकडे चार पोरं माल उचलतात. त्यातला एक मला जिन्यात म्हणाला, ‘ताई, बाहेर गोदाम घेतलं तर त्याचं भाडं आमच्याच पगारातून जाणार बघा.’ यावर काय बोलणार?

पण मला फेब्रुवारी २०२५ आठवत होता. पिंपरी-चिंचवडच्या कुदळवाडीत महापालिकेनं हजारो अनधिकृत बांधकामं पाडली, भंगाराची गोदामं, छोटे कारखाने, सगळं. वर्षानुवर्षं चाललेलं सगळं काही दिवसांत भुईसपाट. तिथल्या कामगारांना कुणी विचारलं असेल? ‘चालतंय की, चालू दे’ म्हणत राहिलं, की शेवटी थेट बुलडोझर येतो, आणि त्याच्याखाली आधी पोट भरतं ते हातावरचं.

म्हणून मीटिंगमध्ये मी एवढंच मांडलं : नोटिशीआधी एकदा बोला, आणि नियम दोन्ही बाजूंना एकच लावा. तासभर आरडाओरडा झाला. मग लेखी ठरलं. शेठला माल हलवायला तीन महिने, आमच्या कार्सना एक. पोरांचे पगार कापणार नाही, असं शेठ सगळ्यांसमोर म्हणाले. हे मात्र तोंडीच, त्यामुळे मी दर महिन्याला पोरांना विचारते.

आतापर्यंतचा स्कोअर : टाक्या गेल्या, पाइप गेले, थर्माकोल सगळ्यात आधी गेला. चौघंही कामावर आहेत. हट्टी निघाल्या त्या दोन कार्स. त्यातली एक काकांची.

तर मंडळी, या वीकेंडला मल्टिप्लेक्सला जाण्याआधी टेप घेऊन जरा खाली उतरा. आपल्या बिल्डिंगचे सहा मीटर कोण वापरतंय ते मोजा. आणि मोजताना स्वतःच्या बाइकपासून सुरुवात करा.