दुखण्याचे पंचांग

आमच्या इंदुरातील जुन्या मराठी घरांत चैत्र-वैशाख म्हणजे वर्षाचे गहू भरण्याचे दिवस. आता ही चाल बरीच उणावली आहे. पण आमच्या लहानपणी माळव्यातील गव्हाची पोती दारात उतरत, ओसरीवर जाजमे अंथरली जात आणि घरातल्या व शेजारपाजारच्या बायका सुपे घेऊन बसत. पाखडणे, चाळणे, निवडणे, मग एरंडेलाचा हात लावून कोठीत भरणे आणि थराथरांत कडुनिंबाचा वाळला पाला घालणे, असा चार दिवसांचा तो सोहळा असे. घरभर धुरळा आणि शिंकांचा गजर. या चार दिवसांत एकदा तरी आमच्या मातोश्रींचे डोके हमखास उठे. कपाळाला फडके करकचून आवळून, सुंठेचा लेप लावून त्या माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहत. पोटात पाणीही ठरत नसे. अशा वेळी घरातले वडीलधारे एक वाक्य बोलत. आम्ही ते इतक्यांदा ऐकले, की घरातल्या भांड्याकुंड्यांइतकेच ते परिचयाचे झाले होते : "कामाच्या वेळीच बरे हिचे डोके उठते!"

हेच वाक्य एक दिवस आमच्याही तोंडून निघेल, असे वाटले नव्हते. पण निघाले.

आमची नात आठ वर्षांची असताना, २०१८ सालच्या फाल्गुनात, तिला प्रथम हा त्रास सुरू झाला. मुलगा आणि सूनबाई दोघेही नोकरीला जाणारे. दुपारी शाळेतून आल्यावर मुलीचे खाणेपिणे, अभ्यास, दुखणेखुपणे हे सारे आम्हां दोघा म्हाताऱ्यांकडे. सकाळी उठताक्षणी दहा-पंधरा शिंका, दिवसभर नाक वाहते, डोळे चोळून लाल झालेले. हे दोन-चार दिवस चालले, की मग डोके. शाळेतून आली की दप्तर टाकून ती पलंगावर पडे, उजेड नको म्हणे, कढईतल्या फोडणीचा वास आला तरी तिला उमळून येई. एक उलटी झाली, तास-दोन तास झोप लागली, की उठून खेळायला मोकळी. हे शेवटचे आमच्या डोळ्यांत खुपे. तासापूर्वी तळमळणारे मूल आता अंगणात दोरीवर उड्या मारते आहे, तेव्हा दुखणे कितपत खरे असावे?

उपाय आम्ही केले नाहीत असे नाही. डोळे तपासून घेतले. चष्मा लागला नाही. कोणी सांगितले 'सायनस आहे', म्हणून छायाचित्रे काढली आणि प्रतिजैविकांचे दोन-तीन फेरे झाले. शेजारच्या माळवी आजीबाईंनी सूर्योदयापूर्वी गरम दुधात जिलेबी खाऊ घालण्याचा या भागातला पिढीजात तोडगा सांगितला. पोहे-जिलेबीच्या या नगरीत तो करणे कठीण नव्हते, आणि सर्व औषधांत नातीला तोच मनापासून मानवला. डोक्याला मात्र उतार पडला नाही.

मग २०२० साल उजाडले. कोरोनामुळे शाळा बंद झाल्या, मूल घरात कोंडले गेले आणि नवल असे, की डोकेदुखी जवळजवळ नाहीशी झाली. आम्ही मनाशी गणित मांडले : शाळा नाही तर डोके नाही. पुढे शाळा पूर्ववत सुरू झाल्या, दुखणे परतले आणि तेही नेमके सहामाही आणि वार्षिक परीक्षेच्या तोंडावर! आता शंकेला जागा उरली नव्हती. आम्ही दोघांनीही, आळीपाळीने आणि कधी एकसुरात, तिला ऐकवले : "परीक्षेच्या वेळीच बरे तुझे डोके दुखते!"

२०२२ च्या मार्चमध्ये गणिताच्या परीक्षेच्या दिवशी तिने सकाळीच कपाळ धरले. आम्ही तिला एक गोळी दिली, उपदेशाचे चार शब्द दिले आणि शाळेत धाडले. साडेदहाच्या सुमारास शाळेतून दूरध्वनी आला. पेपर लिहिता लिहिता तिला उलटी झाली होती आणि अक्षरे दिसत नव्हती म्हणून ती रडत होती. रिक्षातून घरी येताना तिने ओढणीने डोळे झाकून घेतले होते. वाटेत बराच वेळ ती काही बोलली नाही. मग ओढणीआडूनच म्हणाली, "आजोबा, मी खोटं बोलत नाहीये हो."

त्यापुढे आम्हांस बोलण्यासारखे काही सुचले नाही.

यानंतर मुलांच्या मेंदूविकारांच्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे आम्ही गेलो, त्यांनी पहिल्या भेटीत मुलीला तपासले, पण एकही यंत्रतपासणी लिहून दिली नाही. त्यांनी सांगितले, की एक वही घाला आणि दोन महिने रोज लिहा : झोप किती, न्याहारी केली की नाही, शिंका, नाक, डोळे, डोके किती वाजता उठले, किती वेळ राहिले, काय दिले, आणि त्या दिवशी बाहेर वारा, ऊन, धूळ काय होते. हिशेबाच्या वह्या लिहिण्यात आमची हयात गेलेली. आम्ही लाल रेघा मारून रकाने आखले.

त्या वहीने आमचे गणित खोटे ठरवले. डोके परीक्षेच्या दिवशी उठत होते, तसेच ते रविवारी, सुट्टीत आणि मामाच्या लग्नातही उठत होते. उठण्याआधी दोन-तीन दिवस मात्र 'शिंका' आणि 'नाक बंद' हे रकाने भरलेले असत आणि 'झोप' या रकान्यात 'तोंड उघडे, अस्वस्थ' असा शेरा असे. परीक्षांचे वेळापत्रक आणि झाडाझुडपांचे वेळापत्रक योगायोगाने एकच होते, एवढाच त्याचा अर्थ! वार्षिक परीक्षा येते तेव्हा माळव्यात गव्हाची कापणी-मळणी चाललेली असते आणि झाडे मोहरलेली असतात. सहामाही येते तेव्हा पावसाने माजलेली गाजर घास फुललेली असते. कोरोनाच्या काळात ती बरी राहिली, कारण तिचे धुळीच्या रस्त्याने जाणेयेणे, उन्हातली प्रार्थना आणि उपाशीपोटी गाठलेली बस, हे सारेच बंद होते.

डॉक्टरीणबाईंनी निदान केले ते अर्धशिशीचे. मुलांमध्ये ती मोठ्यांसारखी अर्ध्याच डोक्यात असेल असे नाही. पुष्कळदा पूर्ण कपाळ दुखते, अवधी कमी असतो, उलटी होते आणि झोपेने उतार पडतो. म्हणजे ज्या लक्षणावरून आम्ही तिला ढोंगी ठरवले होते, तेच निदानाचे लक्षण होते. ऍलर्जी आणि अर्धशिशी ही दोन वेगळी दुखणी आहेत, हेही त्यांनी समजावले. नाकाचे अस्तर, डोळे, कपाळ आणि मेंदूवरील आवरणे या साऱ्यांच्या संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या एकाच तीन फाट्यांच्या नसेतून जातात. अर्धशिशीची प्रवृत्ती ज्याच्या अंगी मुळातच आहे, त्याचे नाक सुजले, रात्रीची झोप मोडली, की ठिणगी पडायला तेवढे पुरते. उलट, अर्धशिशीच्या झटक्यातही नाक वाहू शकते. म्हणून ती वर्षानुवर्षे 'सायनस' या नावाखाली खपून जाते.

त्वचेवर टोचून केलेल्या चाचणीत (तिच्याआधी काही दिवस ऍलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागल्या) घरातील धुळीतले सूक्ष्म जीव आणि गाजर घास हे दोन अपराधी निघाले. गाजर घास म्हणजे महाराष्ट्रात जिला 'काँग्रेस गवत' म्हणतात तीच. १९५० च्या दशकात पुण्यात तिची नोंद झाली आणि तेथून पुढे ती देशभर पसरली म्हणतात. आमचे पूर्वज अठराव्या शतकात होळकरांच्या चाकरीत दक्षिणेतून येथे आले. ही त्यांच्या मागाहून आली आणि आमच्यापेक्षा अधिक घट्ट रुजली! वसाहतीच्या रस्त्यालगतची सप्तपर्णी मात्र चाचणीत निर्दोष ठरली. तरीही कार्तिकातल्या संध्याकाळी तिच्या फुलांचा उग्र दर्प आला, की नातीचे डोके उठे. परागाची ऍलर्जी निराळी आणि वासाने उठणारी अर्धशिशी निराळी, हा भेद आम्ही त्या झाडापाशी शिकलो.

उपचार ऐकून आमची थोडी निराशा झाली, कारण त्यांत चमत्कार काहीच नव्हता. नाकात मारायच्या फवाऱ्यात स्टिरॉइड आहे, हे कळल्यावर आमच्या पोटात गोळा आला. तो मुख्यतः नाकाच्या अस्तरावरच काम करतो, हे डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितले आणि प्रत्येक भेटीत मुलीची उंची मोजण्याचे पथ्य स्वतः पाळले. आम्हीही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खुणा करू लागलो. त्या वर वर सरकत आहेत. फवारा मारण्याचीही एक रीत आहे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, तोंड मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेरच्या बाजूस. आधी आम्ही सरळ मारत होतो, म्हणून रक्त येई. हा फवारा दुखले की मारायचा नसतो. त्याचा पूर्ण गुण यायला दिवस लागतात. म्हणून ऋतू पालटण्याच्या दोन आठवडे आधी, होळीच्या आणि नवरात्राच्या आगेमागे धोरण ठेवून, सुरू करायचा. पंचांगाचा असा उपयोग आमच्या घराण्यात प्रथमच झाला असेल. शिवाय उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुणे, बाहेरून आल्यावर कपडे बदलून अंघोळ, त्या दिवसांत कपडे घरात वाळत घालणे, उशांचे अभ्रे दर आठवड्यास गरम पाण्यात धुणे, ही कामे आमच्या वाट्यास आली.

डोक्याचे पथ्य त्याहून साधे आणि त्याहून कठीण : ठरल्या वेळी झोप, उपाशी न राहणे, पाणी पीत राहणे. दुखू लागताच, वाट न पाहता, वजनाप्रमाणे ठरवून दिलेली गोळी आणि अंधारी खोली. पण ती गोळी आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक द्यायची नाही; कारण वेदनाशामके वरचेवर घेतली, तर त्यांच्यापायीच डोके दुखत राहते. ॲस्पिरिन मुलांना आपल्या मनाने कधीच द्यायचे नाही. शाळेला एक चिठ्ठी लिहून दिली : हिने सांगितले तर हिला पंधरा मिनिटे अंधारात पडू द्यावे, पाणी पिऊ द्यावे. शाळेने ती मानली. त्या चिठ्ठीचा गुण औषधाइतकाच आला, असे आमचे मत आहे. आपले म्हणणे मानले जाते हे कळल्यावर मुलीची दुखण्याविषयीची भीती गेली. पूर्वी फाल्गुन-चैत्रात वहीत महिन्याला आठ-नऊ दिवस लाल खूण असे. आता दोन किंवा तीन. दुखणे गेलेले नाही. रंगपंचमीची गेर ती राजवाड्याजवळच्या आप्तांच्या घरातून, बंद काचेआडून पाहते. गुलालाचे ढग उडताना तिचा चेहरा काचेला चिकटलेला असतो आणि तेव्हा आम्ही मुद्दाम दुसरीकडे पाहतो.

एक गोष्ट सांगायची राहिली. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारले होते, "हे दुखणं पुष्कळदा घराण्यात असतं. तुमच्याकडे आणखी कोणाला?" आम्ही दोघांनीही क्षणाचा विलंब न लावता 'नाही' म्हटले. त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मातोश्री आठवल्या. ते फडके, तो लेप, माजघराचा तो कोपरा. 'अर्धावभेदक' आणि 'सूर्यावर्त' ही नावे सुश्रुतसंहितेतील अकरा शिरोरोगांत येतात. म्हणजे या देशाला हे दुखणे रोग म्हणून फार पूर्वीपासून ठाऊक होते. आमच्या घरात मात्र त्याला रोगाची पायरी कधी मिळाली नाही. ते मातोश्रींचा स्वभाव म्हणून ओळखले गेले आणि त्या गेल्यावरही आम्ही ते स्वभाव म्हणूनच आठवत राहिलो. आमचे 'नाही' हे उत्तर खोटे नव्हते. ते आम्हांस खरोखरच माहीत नव्हते. आमच्यासारख्या जुन्या घरांत वंशावळ्या जपून ठेवलेल्या असतात. कोण कोणत्या मोहिमेत होता, कोणास कोणते वतन मिळाले, हे तोंडपाठ असते. कोणाचे काय दुखत होते, हे कोणी लिहून ठेवत नाही. बायकांचे तर नाहीच.

पुढच्या भेटीत आम्ही उत्तर दुरुस्त केले. घरी आल्यावर नातीने विचारले, "पणजीआजीला काय औषध द्यायचे?"

"सुंठेचा लेप."

"बरं वाटायचं?"

"ठाऊक नाही. आम्ही कधी विचारले नाही."

ती जरा थांबली. "मग त्या दिवशी गहू कोण निवडायचं?"

"संध्याकाळी उठून तीच निवडी," आम्ही म्हणालो.

नातीने वही उघडली. पहिल्या पानावर, जेथे आम्ही तिचे नाव आणि जन्मतारीख लिहिली होती, त्याखाली तिने आपल्या अक्षरात लिहिले : 'पणजीआजीलाही होते. गहू भरायच्या दिवसांत.' आणि समोरच्या रकान्यात लाल पेन्सिलीने एक खूण केली.