धर्माचा रकाना

शाळेचा दाखला, स्कॉलरशिपचा फॉर्म, इंजिनिअरिंगची प्रवेशप्रक्रिया, जनगणना. सगळीकडे एक रकाना असतो, धर्माचा. बहुतेकांचा हात तिथे थांबत नाही. महाराष्ट्रातल्या हजारो ख्रिस्ती घरांमध्ये मात्र तो थांबतो. रविवारी उपासनेला जायचं, नाताळात दारात चांदणी लावायची, जेवणाआधी प्रार्थना करायची आणि फॉर्मवर 'हिंदू' लिहायचं, असं करणारी घरं मी लहानपणापासून नागपुरात बघत आलोय. त्यांच्याबद्दल चर्चमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. प्रामाणिकपणावरचं प्रवचन मात्र वर्षातून दोनदा तरी होतं.

याचं मूळ एका तारखेत आहे. १० ऑगस्ट १९५०. त्या दिवशी राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी जाहीर झाली आणि त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदाने त्या सवलती धर्माशी बांधल्या. १९५६ साली त्यात शीख आले. बौद्धांना १९९० पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म स्वीकारल्यानंतर ३४ वर्षं. ख्रिस्ती आणि मुस्लीम आजही बाहेर आहेत. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो तोही याच तारखेच्या आधीचा. तहसील कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसलेल्या एजंटांना ही तारीख तोंडपाठ असते.

कायद्याचा हिशेब सरळ आहे: बाप्तिस्मा झाला की जात संपली. घरमालकाचा हिशेब तसा नाही. आडनाव ऐकून तो विचारतो, "म्हणजे आधीचे कोण?" आमच्या मंडळींतही लग्न जमवताना 'आधीचे कोण' हे दबक्या आवाजात विचारलं जातंच. पाण्याने जात धुतली जाते असं फक्त त्या परिच्छेदालाच वाटतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर १७ वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण आलं. अमरावतीच्या जात पडताळणी समितीने तिचा 'महार' जातीचा दावा फेटाळला होता. कारण चौकशीला आलेल्या दक्षता पथकाला घरात येशूचं चित्र दिसलं होतं. कुटुंबाचं म्हणणं होतं की आम्ही बौद्ध आहोत, चित्र कुणीतरी भेट दिलेलं आहे. न्यायालयाने निकाल मुलीच्या बाजूने दिला. नुसत्या चित्रावरून कुणी ख्रिस्ती ठरत नाही, बाप्तिस्म्याचा पुरावा कुठे आहे, असा त्याचा रोख होता. पुढच्या वर्षी, २६ नोव्हेंबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईंचा दावा मात्र नाकारला. बाप्तिस्मा झालेला, चर्चला नियमित जाणं, आणि नोकरीसाठी अनुसूचित जातीचा दाखला मागणं, ही संविधानाशी फसवणूक आहे असं न्यायालय म्हणालं.

पहिली बातमी वाचून आमच्या ओळखीच्या एका घरात भिंतीवरचं चित्र कपाटात गेलं. दुसरी वाचून कपाटाला कुलूप लागलं.

आमच्याच घरातले कागद सांगतो. आजोबांचा १९४० च्या दशकातला शाळेचा दाखला आहे, जात स्पष्ट लिहिलेली. बाप्तिस्मा त्यांनी पुढे विशीत घेतला. बाबा जन्मले ख्रिस्ती घरात, पण गावच्या गुरुजींनी त्यांच्या नावापुढे आजोबांचीच जात लिहिली आणि ती तशीच राहिली. म्हणजे माझ्या बारावीनंतर आमच्याकडे सगळे कागद होते. एजंट म्हणालाही, "कागद पक्के आहेत, काका. पोराचं भलं होऊन राहिलं तर तुम्ही काऊन अडवता?"

दवाखान्यात रात्रपाळ्या करणारी आई गप्प होती. फी कोणाच्या ओव्हरटाइममधून जाणार हे तिला माहीत होतं. बाबा दोन दिवस विचार करत होते. आजी मात्र एका वाक्यात मोकळी झाली. "देवाच्या घरी एक नाव आन् सरकारच्या घरी दुसरं. मंग मेल्यावर कोणत्या नावानं बलावतीन तुले?"

फॉर्मवर 'ख्रिश्चन' लिहिलं गेलं. निर्णय बाबांचा होता, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेत नाही. माझ्या वाट्याला शैक्षणिक कर्जाचे हप्ते आले आणि ते नोकरी लागल्यावर मी फेडले. कॉलेजमध्ये माझ्याच चर्चचा, माझ्याच संडे स्कूलचा एक मित्र होता. त्याच्या घरी दुसरा निर्णय झाला. त्याची फी माफ झाली. आज तो सरकारी खात्यात इंजिनिअर आहे, कामाला चोख, टेबलाखालून एक रुपया न घेणारा. ठेकेदार त्याला वैतागलेत.

मग खोटं कोण बोललं? मला हे वाटतं तितकं सोपं वाटत नाही. माझ्या मित्राने धर्माच्या रकान्यात जे खरं नव्हतं ते लिहिलं. पण जातीच्या रकान्यात त्याने जे लिहिलं ते अगदी खरं होतं. माझं उलट. मी धर्म खरा लिहिला, आणि जातीने आमच्यावर कधी काही परिणामच केला नाही असं जे कायदा गृहीत धरतो, त्यावर मुकाट्याने सही केली. फॉर्म दोन्ही सत्यं एकत्र मांडूच देत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा फॉर्मला चुकीचं डिझाइन म्हणतो. ड्रॉपडाऊनमध्ये खरा पर्यायच नसेल तर माणूस जवळचा कुठला तरी निवडतो, आणि मग आपण त्याला खोटारडा ठरवतो.

तरीही सगळा दोष फॉर्मवर ढकलून मला सुटता येत नाही. इथे मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. त्यांची गोष्ट सुरू होते ती याच नागपूरच्या वाटेवर. नारायण वामन टिळक नागपुरात होते, आणि १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवऱ्यापाठोपाठ बाप्तिस्मा घेऊन टाकणं त्यांना सोपं होतं. संसार जुळला असता. माहेरच्यांच्या आधाराने कायमचं तोंड फिरवणंही शक्य होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. पुढे नवऱ्याकडे परतल्या त्या स्वतःचा धर्म आणि सोवळं घेऊनच. स्वतःला पटल्यावर आधी त्यांनी जातीचा विटाळ सोडला आणि मग, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं स्वतःवर हसत हसत लिहून ठेवलं आहे.

मला त्यात भावतं ते त्यांचं वेळ घेणं. जे मनात नाही ते कागदावर येऊ द्यायचं नाही, आणि मनात आलं की मग कुणासाठी लपवायचं नाही. टिळकांनीही शेवटी हेच केलं. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. दोन वर्षांत ते गेले. पगार सोडणं हे धाडस आहेच. पण त्या पगाराशिवाय घर चालवणाऱ्या बाईचं धाडस मला मोठं वाटतं. आमच्या घरातल्या रात्रपाळ्यांमुळे असेल.

माझ्या रोजच्या जगण्यात रकाना येतो तो टाइमशीटचा. एका कंपनीत असताना पाच तासांच्या कामाचे आठ तास भरायची पद्धत होती. क्लायंट परदेशात, बिल डॉलरमध्ये, आणि सगळेच भरतात. मी पाच लिहायचो. त्या वर्षी रेटिंग घसरलं, इन्क्रिमेंट नावापुरती मिळाली. यात शौर्य काही नाही. महिन्याचा पगार येत होता. येशूने थोडक्यात विश्वासू असण्याबद्दल सांगितलं, ते बहुधा अशाच तीन तासांबद्दल असावं. ज्यांची किंमत परवडते आणि जे कुणी तपासत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तो शपथाच नको म्हणतो, कारण ज्याचं साधं 'हो' खरं असतं त्याला शपथ लागत नाही. प्रतिज्ञापत्राच्या देशात ही शिकवण ऐकायला अवघड आहे.

पण किंमत सगळ्यांना सारखी नसते. माझ्या मित्राची मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. चर्चच्या रजिस्टरमध्ये आई-बापांची नावं येतात, आणि ती नोंद उद्या पुरावा ठरू शकते. त्याची नोकरी जाईल, आईवडिलांचं औषधपाणी थांबेल. पाळकसाहेब नोंद न करता बाप्तिस्मा द्यायला तयार होते. तोच नाही म्हणाला. "फॉर्मवर लपवलं तेवढं पुरे. इथं पण लपवलं तर मग उरलं काय?"

त्याने मला विचारलं, तू काय केलं असतं? माझ्या प्रामाणिकपणाची किंमत काही वर्षांचे हप्ते होती. त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत अख्खं घर आहे. कर्ज फेडलेल्या माणसाने त्याला सत्याचा उपदेश करणं मला जमलं नाही. आणि 'चालू दे, सगळेच करतात' म्हणणंही जमलं नाही. ते ऐकायला तो आलाच नव्हता.

बायबलमधला जक्कय चौपट परत देतो, आणि येशू त्याच दिवशी त्याच्या घरी जेवायला जातो. पण जक्कयाने लोकांना लुबाडलं होतं. माझ्या मित्राने जे घेतलं ते त्याच्या आजोबांच्या जातीला देणं होतंच, फक्त देणाऱ्याने देवाचं नाव विचारलं. तो कोणाला चौपट परत देणार?

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात, सहा वेगवेगळ्या मंडळ्या आपापली जुनी नावं सोडून एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. नावं बदलायला संस्थांनाही कैक वर्षांच्या बैठका लागल्या. एका घराला थोडा वेळ लागला तर मी घड्याळ घेऊन उभा राहणार नाही. दर रविवारी त्याची मुलगी आमच्याच बाकावर बसते आणि गाणं संपलं की सगळ्यांच्या नंतर, एकटीच, मोठ्याने 'आमेन' म्हणते. तिला अजून कुठलाच रकाना भरता येत नाही.