आधी भिंत, मग रंग

मानेची डॉपलर तपासणी करताना प्रोब हलका धरावा लागतो. जोर दिला की धमनीवरची शीर दबते आणि तिच्यातून दिसणारं चित्र बिघडतं. उशी काढायची, मान पलीकडे वळवायची आणि कॉलरबोनपासून जबड्याकडे सावकाश सरकायचं. लहरी काटकोनात पडल्या की पलीकडच्या भिंतीवर दोन उजळ रेघा उमटतात, मधे काळी फट. निरोगी माणसात हे सगळं मिळून एक मिलिमीटरही भरत नाही. माझं लक्ष तिथेच असतं.

येणाऱ्याचा प्रश्न मात्र ठरलेला असतो. पहाटेची चर्चगेट लोकल धरणारा विरारचा नोकरदार असो, गास-निर्मळकडचा बागायतदार असो की अर्नाळ्याचा मच्छीमार: "डॉक्टर, किती टक्के ब्लॉक आहे?"

टक्के सांगतात ते रक्ताच्या वाटेचं. आजार भिंतीत असतो. नळात गाळ साचावा तशी चरबी रक्तवाहिनीत साचते, अशी समजूत घट्ट बसली आहे. खरं तर एलडीएल कोलेस्टेरॉलचे कण आतल्या नाजूक अस्तरातून भिंतीत शिरतात, तिथे अडकून बिघडतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी मागोमाग उतरतात, चरबीने फुगतात, तिथेच मरतात. त्या लगद्यावर शरीर तंतूंचं झाकण घालतं; हीच गाठ. तंबाखू, वाढलेला रक्तदाब, साखर यांनी अस्तर दुखावलं की हे सगळं आणखी वेगाने होतं. झाकण पातळ राहिलं तर एखाद्या दिवशी फाटतं, लगदा रक्ताला लागतो आणि गुठळी होते. हृदयाच्या धमनीत झाली तर झटका. मानेतली मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. फाटणाऱ्या अशा कित्येक गाठींनी आदल्या दिवशी अर्धी वाटसुद्धा अडवलेली नसते.

हे घडतं कारण भिंत बाहेरच्या बाजूला फुगून जागा करून देते. शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह यांनी 136 मृतांच्या हृदयांची मुख्य डावी धमनी तपासून 1987 मध्ये हे दाखवलं: गाठीने धमनीचं सुमारे 40 टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत आतली वाट जवळपास तेवढीच राहते. आणि सुरुवात फार लवकर होते. कोरियाच्या युद्धात पडलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष 1953 मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी वय 22, आणि चारातल्या तिघांच्या हृदयधमन्यांत आजाराच्या खुणा. नालासोपाऱ्यात रात्रपाळी करणाऱ्या, पंचविशीतल्या तंबाखू खाणाऱ्या पोराला पाहिलं की मला ते आकडे आठवतात.

म्हणून प्रवाह दाखवणारा रंग सुरू करण्याआधी मी साध्या करड्या चित्रात भिंत वाचतो. लाल-निळा रंग देखणा असतो, पण जरा जास्त झाला की भिंतीवर पसरतो आणि पातळ गाठ झाकून टाकतो. मानेतली धमनी दुभंगते तिथला फुगवटा सगळ्यात जास्त वेळ घेतो. त्याच्या बाहेरच्या कडेला रक्त रेंगाळतं, घुटमळतं. सरळ वाहत्या भागापेक्षा गाठी तिथेच अधिक धरतात. चुना भरलेली गाठ पांढरी चमकते, मागे सावली टाकते, ती कोणालाही दिसेल. काळसर, चरबीने भरलेली गाठ रक्ताच्या काळोखात मिसळून जाते. ती शोधायला मग रंगच लागतो: भरलेल्या रंगात एक जागा रिकामी राहते. धोका बहुधा या काळ्या गाठीत जास्त.

प्रवाह उत्तम असला तरी अहवालात मी गाठीची जागा, जाडी आणि पोत लिहितो. फॅमिली डॉक्टर फोन करतात, "फ्लो नॉर्मल आहे ना, मग?" मी सांगतो, मानेत गाठ आहे म्हणजे हृदयाच्या धमन्यांतही असण्याची शक्यता वाढली; एलडीएल पाहा, बीपी पाहा, औषधाचं आजच ठरवा. स्टॅटिनने चरबीचा गाभा आकसतो, झाकण जाड होतं. पेशंट विचारतो, सहा महिन्यांनी पुन्हा जाडी मोजूया का? मी नको म्हणतो. वर्षाकाठी भिंतीची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास बदलते, आणि माझ्या हातातला फरक त्याहून मोठा असतो. तेच पैसे रक्ताच्या तपासणीला ठेवा.