बडीशेपेखालची पावली

हॉटेलात एक चहा दोघांत घ्यायचा, ही आमच्या दादांची रीत. कप त्यांचा, बशी माझी. अक्कलकोटच्या एसटी स्टँडाजवळ तेव्हा एक हॉटेल होतं. संगमरवरी टेबलं, भिंतीवर स्वामींची तसबीर आणि मुदपाकखान्यातून कानडीत येणाऱ्या आरोळ्या. सोलापूरची गाडी उशिरा आहे म्हटलं की दादा मला घेऊन तिथं बसत. ऑर्डर तीच, एक चहा. गाडी लागेपर्यंत पाऊण तास जाई. मग वेटर गल्ल्याकडे बघून ओरडे, “पंचवीस पैसे!” दादा गल्ल्यावर पावली देत, टेबलाकडे परत येत आणि बडीशेपेच्या बशीत दुसरी पावली सरकवत. बडीशेपेच्या खाली, दिसेल न दिसेल अशी.

चहाला पावली आणि वर पावली! आई घरी तणतणायची. तालुका कचेरीतल्या कारकुनाला हे परवडणारं नव्हतंच. दादांचं उत्तर ठरलेलं असे. “त्यानं पाणी आणलं, चहा आणला, बशी आणली, फडका मारला. थाळी मागवली असती तरी चार-सहाच खेपा झाल्या असत्या. चहाचे पैसे मालकाला, पावली पावलांची.” शब्दावर कोटी साधली की ते स्वतःच खूश होत. मात्र गाडी वेळेवर असली आणि चहा घोटभर घेऊन उठलो, की बशीत काही पडत नसे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ते भाडं देत होते, खुर्चीचं.

सोलापुरात कॉलेजला गेलो तेव्हा हा हिशेब मी सोयीस्करपणे विसरलो. चौघांत दोन ‘बाय टू’ कॉफ्या आणि तीन तास राजकारण. टीप? छे! तिथला म्हातारा वेटर तोंडानं कधी बोलला नाही. दुपारी जेवणाची गर्दी सुरू झाली की यायचा आणि आमच्या डोक्यावरचा पंखा बंद करायचा. आम्ही घाम पुसत त्याला कंजूष म्हणायचो. कंजूष कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

पुढं पुण्यात नोकरी लागली आणि टक्केवारी शिकलो. साहेबलोक बिल आलं की दहा टक्के काढत. कुठं कुठं ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून बिलातच लावलेले असत. ४ जुलै २०२२ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तो आपोआप लावायला मनाई केली. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती मनाई कायम ठेवली. म्हणजे द्यायचं की नाही, हे पुन्हा गिऱ्हाइकाच्या मनावर. ठीकच झालं. पण मनाला मोजमाप कुठलं? सहाशेच्या बिलावर साठ रुपये शोभतात. तीस रुपयांच्या कॉफीवर तीन रुपये ठेवून पाहा बरं, वेटर ते परत करायला धावत येईल. टक्केवारी ही पोटभर जेवणाऱ्यांची सोय आहे. नुसती कॉफी पिणाऱ्याला ती लाज आणते, एवढंच.

निवृत्तीनंतर अक्कलकोटला परतलो. पावली तोवर गेलेली, ३० जून २०११पासून ती चलनातच नाही. गावही पालटलं. १९८८ साली सुरू झालेल्या अन्नछत्रात रोज पंगतीमागून पंगती उठतात. मुलगा पहिल्यांदा तिथं जेवला तेव्हा सवयीनं वाढणाऱ्याच्या हातात नोट द्यायला गेला. त्यानं हात मागं घेतला आणि म्हणाला, “देणगीचं काउंटर तिकडं.” पोटभर जेवून बिल नाही, बडीशेपेची बशी नाही, आणि कुणाला अवघडल्यासारखंही होत नाही. तिथून दोन मिनिटांवरच्या हॉटेलात मात्र अर्धी कॉफी घेतली तरी प्रश्न उभा राहतोच. तिथं वाढणं ही सेवा, इथं उभं राहणं हे पोट. मला यात विसंगती वाटत नाही, पण दोन्हीकडे एकच नियम चालवणारे भेटतात आणि ते नेहमी फुकटच्या बाजूचा नियम उचलतात.

मागच्या वर्षीची माझीच गोष्ट. गुरुवार, दुपारचे साडेबारा. चार खुर्च्यांच्या टेबलावर मी एकटा, एक कॉफी आणि पेपर. दाराशी लेकुरवाळं कुटुंब ताटकळत होतं, हे अर्ध्या तासानं दिसलं. वरमून उठलो. खिशात रोकड नाही, मोबाइलवरून गल्ल्यावरचा चौकोन स्कॅन केला. तो चौकोन मालकाचा. वेटरला त्याचा नंबर विचारला, तर त्यानं गल्ल्याकडे चोरून पाहिलं आणि पुटपुटला, “इरली बिडरी.” असू द्या हो, जाऊ द्या. दादांची पावली बडीशेपेखाली का असे, ते त्या नजरेनं समजलं. मालकाला न दिसता द्यायचं असतं.

पुढच्या गुरुवारी दहाच्या चार नोटा घेऊन गेलो. तो गावी गेला होता, कापणीला. दोन गुरुवारांनी परत आला तेव्हा त्याचे वीस दिले. एक नोट कॉफीची, एक अर्ध्या तासाची.

स्वामींच्या दर्शनाला आलात आणि नुसता चहाच घ्यायचा असला, तर खुशाल बसा. बारा ते दोन तेवढं टाळा, आणि दहाची सुटी नोट खिशात असू द्या.