बियाची मिरची

सगळ्यात देखणी मिरची खायची नसते, हे आमच्या गडहिंग्लजकडच्या घरात पोरांना फार लवकर कळायचं. दुसऱ्या तोड्याला आज्जी स्वतः रानात जायची. निरोगी झाडाची, लांबसडक, देठापर्यंत लाल झालेली संकेश्वरी निवडून ओच्यात टाकायची. "ही बियाची." मग तिला कुणी हात लावायचा नाही.

सुकली की बी काढायचं, राखेत घोळायचं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचं. ती पुरचुंडी वर्षभर चुलीवरच्या धुरात टांगलेली.

रोहिणीत पुरचुंडी सुटायची. चाळलेल्या शेणखताचा गादीवाफा, बोटानं ओढलेल्या रेघा, रेघांत बी. तेलाच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून केलेली आमची झारी. आठ-दहा दिवसांत दोन-दोन पानं वर यायची आणि कोंबड्या हाकलायचं काम आमच्या गळ्यात पडायचं. चाळीसेक दिवसांनी, तरण्या पावसात लावण. बायका चिखलात, आम्ही तरू पुरवायला. पानं मुरडली की 'बोकड्या आला' म्हणत ते झाड उपटून पुरायचं. बाकीच्यांवर पहाटेच्या दहिवरात राख फुंकायची. ढबू मिरची मात्र शेजारी लावायची नाही. आज्जी म्हणायची, "माश्या हिकडचं तिकडं नेत्यात. औंदा कळत नाही, पुढच्या साली बी बिघडतं."

मग अंगणभर लाल वाळवण. डेखं मोडायला सगळं घर बसायचं. बोटं आगीसारखी पेटायची, एखादा हमखास डोळ्याला हात लावायचा. "नुसत्या पाण्यानं जाईत न्हाई, हाताला तेल चोळ," ही ओरड घरोघरची. आणि डंकावर कांडप सुरू झालं की आख्खी गल्ली शिंकायची. तीळ, खोबरं, धणे, कांदा, लसूण पडून वर्षाची चटणी व्हायची. चिनीमातीच्या बरणीत वरून हिंगाचा खडा. मूठभर अख्ख्या मिरच्या राखायच्या, दृष्ट काढायला.

पुढं पाकिटातलं बी आलं. झाडं लगडली, चार पैसे आले, ते नाकारून कसं चालेल? पण त्या संकरित मिरचीचं बी धरलं तर पुढच्या वर्षी तशीच मिरची येईना. दर रोहिणीला नवं पाकीट. चुलीवरची पुरचुंडी एकदा सुटली ती पुन्हा बांधली गेली नाही. मग चूलही गेली.

घरातली मिरची मोडली, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण आज्जीनं प्रत्येक लेकीच्या ओटीत खण-नारळाबरोबर एक पुरचुंडी घातली होती. गेल्या साली थोरल्या आत्याकडं आजऱ्याला गेलो, तर परसात तीच सुरकुतलेली, लांब, लालभडक मिरची.

"तुमचीच हाय," आत्या म्हणाली. जुन्या लुगड्याच्या फडक्यात चिमूटभर बी बांधून तिनं आमच्या हातावर ठेवलं. मूठ मिटवत म्हणाली, "देखणी असंल ती खाऊ नगासा."