काळवंडलेली राणी

चांदी पांढरीशुभ्र असते, हा आपला एक लाडका समज आहे. चांदण्याला, दुधाच्या धारेला, म्हाताऱ्याच्या केसांना आपण खुशाल चांदीची उपमा देतो. पण ज्यांच्या घरात ती पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहे, त्यांना विचारा. चांदी काळी पडते. लक्ष्मीपूजनासाठी जुने रुपये बाहेर निघाले, की चिंच, राख आणि रांगोळी यांची घरोघर जी धांदल उडते, ती याच काळेपणाशी चाललेली लढाई असते.

आमच्या घोडेगावच्या घरात असे पाच रुपये आहेत. घोडेगाव नेवासे तालुक्यातले, नगरहून औरंगाबादेला जाणाऱ्या रस्त्यावरचे. आता त्या दोन्ही शहरांची नावे बदलली आहेत. गावाची ओळख मात्र अजून जनावरांचा बाजार आणि कांदा हीच आहे. एके काळी आमच्याकडे हे रुपये एकवीस होते. 1972 च्या दुष्काळात विहीर आटली, गोठा रिकामा झाला, घरातली माणसे खडी फोडायला गेली आणि ताटात लाल मिलोची भाकरी आली. तेव्हा आजीने मडके उपडे केले. तिला अक्षरओळख नव्हती. तिने पांढरे रुपये एका बाजूला आणि काळे दुसऱ्या बाजूला अशी साधी वाटणी केली. पांढरे सोळा निघाले. ते फडक्यात बांधून सराफाकडे गेले. काळे पाच मडक्यात परतले. "काळ्याला कोण विचारतंय?" असे ती म्हणे.

तिचा हिशोब अडाणीपणाचा नव्हता. जुना राणीछाप रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. दुसऱ्या महायुद्धात लोक रुपये साठवू लागले, चांदीची चणचण भासू लागली, तेव्हा 1940 साली सरकारने वजन तेच ठेवून चांदी निम्म्यावर आणली. बाकीच्या निम्म्यात तांबे चाळीस टक्के, निकेल आणि जस्त पाच-पाच टक्के. पुढल्याच वर्षी राणीछाप रुपया चलनातून बाद झाला आणि लोकांनी तो मडक्यांत दडवला. युद्धातल्या रुपयातले तांबे त्याला लवकर मळकट करते. काळा दिसला की चांदी कमी, हा आजीचा ठोकताळा म्हणूनच बहुधा बरोबर ठरत असे.

फक्त बहुधा. पाचांतले चार रुपये वहिनी दर दिवाळीला घासून पाटावर मांडते. पाचवा इतका काळा, की तो खोटाच, असे सगळे धरून चाललो होतो. 2025 साली चांदी किलोला लाखापलीकडे गेली आणि पुतण्या घरातली चांदी मोजायला बसला. पाचही रुपयांचे वजन जवळजवळ सारखेच भरले. पण त्याच्या बोटाला पाचव्याची कड निराळी लागली. युद्धातल्या रुपयाच्या कडेला दात्यांमधून एक खाच फिरलेली असते. इथे नुसतेच दाते. भिंग आणले. काळोखातून हळूहळू मुकुट दिसला, झग्यावरची वेलबुट्टी दिसली, पाठीवर 1862 हा आकडा दिसला. खोटा म्हणून कोपऱ्यात पडलेला रुपया अस्सल राणीछाप होता!

मग तो एवढा काळा का? चांदीचे वैर गंधकाशी. हवेतल्या गंधकाच्या वायूचा अंश लागला, की चांदीवर एक थर धरतो. आमच्या घरात त्याला काय तोटा! चुलीत गोवऱ्या, खोलीत कांद्याचा ढीग, आणि मडक्याच्या तोंडावर आजीने दाबून बसवलेला घोंगडीचा तुकडा. लोकरीतही गंधक असते. हा रुपया चळतीत सर्वांत वर असला पाहिजे, कारण त्याची राणीची बाजू काळीकुट्ट आहे, तर पाठीवर चंद्रकोरीएवढा भाग अजून पांढरा आहे. खालचा रुपया तिथे टेकला होता. या कोरीच्या काठाने मधासारखा पिवळा, मग तांबूस, जांभळा आणि मोरपिशी निळा असे रंग उमटले आहेत. थर पातळ असतो तिथे प्रकाश ही रंगपंचमी खेळतो. जाड झाला की सगळे काळे.

वहिनी चिंच घेऊन सरसावली. "भाऊजी, लक्ष्मी काय अशी काळी ठिक्कर मांडायची?"

मी म्हटले, "जवळच शिंगणापूरची शिळा आहे. तिला कुणी घासून पांढरी करतं का? पंढरपूरचा विठोबाही काळाच. शेतालासुद्धा आपण काळी आई म्हणतो."

"देवाचं निराळं, रुपयाचं निराळं," तिने मला उडवून लावले.

तेव्हा मी तिला रसायनाची गोष्ट सांगितली. तो काळा थर म्हणजे बाहेरून आलेला मळ नव्हे. रुपयातलीच चांदी गंधकाशी मिळून तसा रंग धरते. राखेने थर खरवडला, की त्याबरोबर चांदीही जाते. जुन्या नाण्यांचे जाणकार घासलेल्या नाण्याला कमी किंमत देतात, ते यासाठीच.

वहिनीचा हात थांबला. "म्हणजे इतकी वर्षं मी दिवाळीच्या दिवाळीला लक्ष्मीच मोरीत सोडत होते म्हणा की!"

एवढ्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

मला राहून राहून वाटते ते त्या सोळा रुपयांविषयी. ते उजळ होते, म्हणून विकले गेले. बहुधा मुशीत वितळले आणि कुणाच्या तरी पायांतली पैंजणे झाले. त्यांनी आम्हांला दुष्काळात जगवले, त्यांचे ऋण मोठे आहे. आजीने यालाही त्यांच्यात धरले असते, तर घरात आणखी चार दिवस धान्य आले असते. पण तिच्या चुलीचा धूर, तिचा कांदा आणि तिची घोंगडी यांची खूण असलेली वस्तू मात्र आज आमच्याजवळ उरली नसती. आता हा रुपया एका कोरड्या डबीत, लोकरीपासून आणि कांद्यापासून दूर ठेवला आहे. पुतण्याने त्यातल्या चांदीचा भाव काढून दाखवला. आकडा ऐकून वहिनीने डबीचे झाकण लावले आणि ती आपल्या कपाटात ठेवून दिली.